अब्बांच्या नावातला ज

आमच्या अब्बांचे नाव अब्दुल जलील. शाळेच्या हजेरीत आमच्या नावामागे ते रोज यायचे आणि रोज बिघडायचे. गुरुजी 'जलील'मधला ज 'जमीन'मधल्यासारखा म्हणत. वर्गात कुणालाच त्यात वावगे वाटत नसे. आम्हाला मात्र कान झाकून घ्यावेसे वाटे. अल्-जलील हे अल्लाहच्या नावांपैकी एक, अर्थ थोर, प्रतापी. तोच ज जमिनीचा झाला की शब्दच दुसरा होतो. ज़लील म्हणजे हीन, अपमानित. अरबीत एकाला जीम, दुसऱ्याला ज़ाल. मराठीत दोघांना मिळून एकच अक्षर, आणि नुक्ता द्यायची आपली रीत नाही.

गुरुजींना दोष तरी कसा द्यावा? मराठी जीभच तशी वळते. जबाब आणि जादू हे मूळचे जीमचे शब्द. मराठीने त्यांना जमिनीच्या ज-मध्ये आणून बसवले. जिल्ह्याचे उलटे झाले. तो आला ज़्वादमधून आणि त्याला मिळाला जीवनातला ज. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश काढला, तोवर असे कितीतरी शब्द इथले रेशनकार्डधारक होऊन बसले होते.

आणि आमची जीभ तरी कुठे सोवळी? घरात दखनी. अम्मीला ळ कधी जमलाच नाही. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर ती मोठ्या हौसेने मराठीत विचारायची, "केली कशी दिली?" गाडीवाला हसून म्हणायचा, "काय केली, भाभी?" आम्ही तिच्या पदराआड लपत असू. शाळेत आम्ही स्वतः 'शाला' लिहून छड्या खाल्ल्या, ते तिला कधी सांगितले नाही.

कॅम्प ४ मध्ये अब्बांचे नाव न बिघडता लिहिले जाई ते एकाच ठिकाणी, उधारीच्या वहीत. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी कुटुंबे आली, १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. आमचा किराणावाला त्यांतलाच. तो हिशेब सिंधीच्या बावन्न अक्षरी अरबी लिपीत लिही. त्या लिपीत जीमही आहे, ज़ालही आहे. महिनाअखेर तो हाक मारी, "जलीलभाई, हिसाब!" पैसे नसले तरी अब्बांना ती हाक आवडायची, असा आमचा समज आहे.

अब्बा गेले तेव्हा शोकसभेचा फलक लिहायचा होता. रंगाऱ्याने सवयीने 'कै.' काढले. ते पुसले. मग कुणी सुचवले, 'पैगंबरवासी' लिहा, पेपरात तसेच येते. लिहिणाऱ्यांचा भाव चांगलाच असतो; पण कैलासवासीच्या साच्यातून काढलेला हा शब्द आम्हाला पटत नाही. पैगंबर ही काही राहायची जागा नव्हे. आम्ही 'मरहूम' सांगितले, म्हणजे ज्याच्यावर रहम झाला तो. शेजारचे काका म्हणाले, "अरे, मराठीत लिहा की." आम्ही म्हटले, "काका, हजर चालतो, अर्ज चालतो, मग याने काय घोडे मारले?" काका गप्प झाले. सूत्रसंचालन त्यांच्याकडेच होते.

सभेआधी त्यांना चहाला बाजूला घेतले. "काका, एवढेच करा. जीवनातला ज, जमिनीतला नव्हे." त्यांनी चहा निवेपर्यंत घोकले.

सभेत आम्ही खाली मान घालून ऐकत होतो. नाव तीन वेळा आले. तिन्ही वेळा बरोबर आले.