तृतीया, सव्वादोनातून पाऊण वजा

गणपतींचं विसर्जन झालं की मुंबईहून मावसभावाचा फोन येतो. तब्येत, पाऊस, नारळाचा भाव वगैरे दोन मिनिटांत उरकून तो मुद्द्यावर येतो. "दिवाळीत भरती किती वाजता?" मी काकांकडे बघतो. काका भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघतात.

आमच्याकडे तिथीवरून भरतीची वेळ काढायचा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बारा. पण हा हिशेब मुंबईच्या पाण्याचा. शिरोड्याला भरती पाऊण तास तरी आधी लागते, म्हणून आलेल्या उत्तरातून पाऊण तास वजा करायचा. मावसभावाने एकदा मोबाइलवर मुंबईची वेळ काढून वाद घातला होता. काका म्हणाले, "मुंबयची भरती मुंबयत. हयली येगळी." उंचीही वेगळीच. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, आमच्याकडे दोन-अडीच मीटर म्हणजे खूप झालं.

भाऊबीज द्वितीयेची. त्या दिवशी घरातून कोणी हलू देत नाही. म्हणून आमचं गरवायला जाणं ठरलेलं तृतीयेला. तीनची पाऊणपट सव्वादोन, त्यातून पाऊण वजा, दीड. म्हणजे सकाळी सव्वासातच्या सुमारास पूर्ण सुकती, तिथून पाणी चढायला लागणार आणि जेवायच्या वेळेपर्यंत चढत राहणार. गरी टाकायला याहून सोयीची तिथी नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी नुसतं लोळत पडतं, मासाही आळसावतो. दसऱ्याला आम्ही कधी जात नाही त्याचं एक कारण हे, दुसरं भातकापणी. शहरातली माणसं या दिवसांना शरद ऋतू म्हणतात. इथे हा कापणीचा आणि घामाचा ऋतू.

पावसाळाभर खाडीत लाल, गढूळ, गोडं पाणी असतं. आश्विन सरता सरता ते निवळतं, समुद्राचं खारं पाणी आत शिरतं आणि यशवंतगडाच्या पायथ्याशी खाडी हिरवट दिसायला लागते. तांबोशीची पिल्लं या चिपी-कांदळाच्या मुळांतच वाढतात, मोठी झाली की समुद्रात जातात. आम्ही ज्यांच्या मागे असतो ती मधल्या वयाची, किलो-दीड किलोची. हावरट आणि हुशार दोन्ही.

आमिषाला जिवंत सुंगटं लागतात. ती आदल्या संध्याकाळी मिठागराच्या चरात पाग मारून काढायची. मीठ पिकायला अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो, वाफे पावसाच्या पाण्याने भरलेले असतात. १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रही मीठ उचलायला आले ती हीच मिठागरं. मुंबईच्या पोरांना दरवर्षी ही गोष्ट बांधावर उभं राहून सांगावी लागते आणि दरवर्षी ती सुंगटांच्या बादलीत हात घालत अर्धवट ऐकतात. सुंगट गरीला लावायचं शेपटीच्या जरा वर, पाठीच्या काळ्या रेषेला न टोचता. रेषेला टोचलं की ते मेलं. जिवंत असलं तर पाण्यात टुणकन उडतं, त्या हालचालीवर तांबोशी येते.

होडी मित्राची. तो गाबीत, घरात तीन पिढ्यांची रापण. आम्ही गरी घेऊन निघालो की त्याला हसू येतं. त्याच्या हिशेबी मासे पकडायचं काम जाळ्याचं, गरी म्हणजे रिकामटेकड्यांचा खेळ. तरी वल्हवायला तोच येतो, आणि पहिली गरीही तोच टाकतो.

गेल्या दिवाळीला होडीत आम्ही चौघं होतो. मित्र, मावसभाऊ, त्याची तेरा वर्षांची मुलगी आणि मी. काकांचे गुडघे आता होडीत चढू देत नाहीत. ते बांधावर माडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. मावसभावाने या वेळी रीळवाला रॉड आणला होता. उन्हाळ्यात तो हिमाचलात तीर्थन खोऱ्यात ट्राउट पकडायला गेला होता. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रजांनी आणून सोडलेला हा थंड पाण्यातला मासा. तिथे परवाना काढावा लागतो, विणीच्या महिन्यांत बंदी असते, हे सगळं त्याने आदल्या रात्री सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून विचारलं, "कढीक बरी लागता?"

"खाल्ली नाही. सोडून दिली."

"मगे गेलंस कित्याक?"

आम्ही बाकीचे तंगूस हाताने सोडणारे. रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला दोरा, टोकाला शिसं, त्याच्या वर वीतभर अंतरावर गरी. दोरा तर्जनीवर ठेवायचा आणि बोटाने ऐकायचं. खेकडा कुरतडतो तेव्हा बारीक टिक टिक लागते, शेवटा नुसता स्पर्श करून जातो. तांबोशी मात्र हिसका मारते आणि तिथून थेट मुळांकडे पळते. एकदा मुळांत शिरली की तंगूस घासून तुटतोच.

आठ वाजले, साडेआठ झाले. काही नाही. नऊला मावसभावाचा रॉड वाकला. तो उभा राहिला, होडी डुगडुगली, मित्राने शिवी हासडली. जड काहीतरी होतं, पण पळत नव्हतं, नुसतं खाली ओढत होतं. मित्राला तेव्हाच कळलं असावं. तो "हात लावू नको" म्हणेपर्यंत मावसभावाने मासा होडीत घेतला होता आणि गरी काढायला मुठीत धरलाही होता.

शिंगाळा. गुळगुळीत, मिशा असलेला, दिसायला गरीब. त्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन कल्ल्यांच्या मागे, करवतीसारखे दातेरी. बाजूचा काटा अंगठ्याच्या मुळाशी रुतला. काढला तेव्हा रक्त फार आलं नाही, पण दोन मिनिटांत त्याचा चेहरा पांढरा पडला. ही कळ कोपरापर्यंत चढते. बांधावरून काका ओरडले, "गरम पाण्यात घाल हात!" होडीत गरम पाणी कुठलं? थर्मासमध्ये चहा होता. डबा रिकामा केला, त्यात चहा ओतला, जरा निवू दिला आणि सोसेल तितक्या गरम चहात माझ्या भावाने पंजा बुडवला. पंधराएक मिनिटांनी तो माणसासारखं बोलायला लागला. पहिलं वाक्य होतं, "साखर जास्त झालीय." बाजारातल्या डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं ते दुपारी.

या गडबडीत पोरीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिच्या हातातली बाटली अचानक गरागरा फिरायला लागली.

"सोड गो, दोरो सोड!" मित्र ओरडला. मग लगेच, "आता धर! मुळाक जावक देव नको!" या दोन आज्ञांच्या मधलं अंतर जास्तीत जास्त दोन सेकंदांचं असेल, पण तिने ते बरोबर साधलं. मी मदतीला हात पुढे केला तर तिने कोपराने मला बाजूला सारलं. तिच्या तर्जनीवर तंगूस रुतून लाल रेघ उठली होती. चिपीपासून हातभर अंतरावर मासा वळला. पाण्यातून वर आला तेव्हा तांब्याच्या भांड्यासारखा चमकला, तोंड उघडं, सुळे दिसणारे.

त्यानंतर वीतभर लांबीची दोन पिल्लं लागली. ती मित्राने सोडून दिली. "मोठी झाली की येतली." या एका बाबतीत हिमाचल आणि शिरोडा यांचं एकमत निघालं, म्हणून मावसभावाला दुखऱ्या हातातही जरा बरं वाटलं.

घरी तांबोशीचं डोकं कढीत गेलं, तुकडे तळले. शिंगाळ्याचं तिखलं केलं आणि ते मावसभावाने सूड म्हणून दोनदा वाढून घेतलं. डोकं कुणाला यावरून दरवर्षी वाद होतो. त्या वर्षी झाला नाही. ते पोरीच्या ताटात गेलं, आणि तिला ते कसं खायचं तेच माहीत नव्हतं. काकांनी शेजारी बसून गालाचं मांस कुठे असतं ते दाखवलं.

जेवणं झाल्यावर काकांनी पेन मागितलं. कालनिर्णयच्या चौकोनात ते दरवर्षी नोंद करतात. हे कॅलेंडर १९७३ ला सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. आमच्या घरी त्यातल्या राशिभविष्यापेक्षा कडेची पांढरी जागा जास्त वापरली जाते. जुनी कॅलेंडरं पेटीत ठेवलेली आहेत. चाळून पाहिलं तर निम्म्याहून जास्त तृतीयांपुढे "काय नाय" एवढंच लिहिलेलं.

"वेळ?"

"नऊ-वीस," पोरगी म्हणाली.

"वजन?"

"दीड किलो," मावसभाऊ म्हणाला.

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि लिहिलं, "९.२०, चिपीकडे, तांबोशी १, किलोभर. शिंगाळो १." मग थोडं थांबून त्यापुढे बारीक अक्षरात, "च्या गेलो."