मांजर की कुत्रा?

तर झालं असं, की गेल्या महिन्यात ऑफिसात एका क्लाऊड प्रोजेक्टसाठी अंतर्गत मुलाखत होती. इतकी वर्षं जुन्या जावा कोडची डागडुजी करून विटलो होतो, म्हटलं सुटायची हीच संधी. तयारी म्हणून दोन वीकेंड घालवून गूगलचं ‘ऑनलाइन बुटीक’ हे नमुना ॲप कुबरनेटीसवर चढवलं. अकरा मायक्रोसर्व्हिसेस, पाच भाषा: गो, सी-शार्प, नोड, पायथॉन, जावा. खरं सांगायचं तर मी केलं काय? तयार मॅनिफेस्टवर एक कमांड मारली. लॅपटॉपचा पंखा घरघरला, दुकान उघडलं, आणि मी स्क्रीनशॉट काढला!

मुलाखतीत अर्थातच ‘अकरा सर्व्हिसेस’ हे मी जरा छाती काढूनच सांगितलं. समोरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बरं. कार्ट रेडिसमध्ये असतं ना? तो पॉड डिलीट केला तर?"

"नवा पॉड येईल मॅडम. कुबरनेटीस आणतो."

"आणि कार्ट?"

कार्ट (दुकानातलं, शेजाऱ्यांचं नव्हे) कुठे जातं याचा मी कधी विचारच केला नव्हता. पुढची दहा मिनिटं नुसती औपचारिकता होती. प्रोजेक्ट अर्थातच मिळालं नाही.

घरी येऊन तो पॉड उडवून बघितला. नवा आला, कार्ट रिकामं! त्या मॅनिफेस्टमध्ये रेडिसला ‘एम्प्टीडिर’ दिलंय, म्हणजे पॉड असेपर्यंतच टिकणारी जागा. तिथे साध्या मराठीत... म्हणजे यॅमलमध्ये लिहिलेलं होतं. मी वाचलंच नव्हतं.

मग ठरवलं, आता जे पूर्ण वाचून होईल तेच ॲप घ्यायचं. शोधाशोध केली. ‘सॉक शॉप’ हे मोज्यांचं दुकान एकेकाळी सगळ्या ट्युटोरियल्समध्ये दिसायचं, पण त्यामागची वीव्हवर्क्स कंपनी २०२४ मध्ये बंद पडली. म्हणून ते सोडलं. स्प्रिंगचं ‘पेटक्लिनिक’ माझ्यासारख्या जावावाल्याला माहेरच, पण ते एकसंध ॲप आहे, आणि मला तर तुकड्यांमधल्या फटी बघायच्या होत्या. इस्टिओचं ‘बुकइन्फो’ गोड आहे. त्यातल्या रिव्ह्यूजच्या तीन आवृत्त्या: एक बिनताऱ्यांची, एक काळ्या ताऱ्यांची, एक लाल. ट्रॅफिक कुठे वळतंय ते तारे बघून कळतं. पण तिथे लिहून साठवण्यासारखं फारसं काही नाही.

शेवटी थांबलो डॉकरच्या ‘व्होटिंग ॲप’वर. मांजर की कुत्रा, एवढाच प्रश्न. पायथॉनचं पान मत घेतं आणि रेडिसच्या रांगेत टाकतं, सी-शार्पचा वर्कर ते उचलून पोस्टग्रेसमध्ये लिहितो, नोडचं पान निकाल दाखवतं. सगळा कोड एका संध्याकाळी वाचून झाला, मधे आईचा फोन होऊनही!

वर्कर बंद केला. मत दिलं. निकाल ढिम्म. वर्कर चालू केला आणि मत टुणकन निकालात. रांग म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळलं, पाठांतर तर कॉलेजपासून होतं. मग लक्षात आलं, की वर्कर मत आधी रांगेतून काढतो आणि नंतर डेटाबेसात लिहितो. मधेच मेला तर? या दोन ओळींमध्ये दहा सेकंदांची झोप घातली, मत दिलं आणि त्याच वेळात वर्कर मारला. परत चालू केला. मत गायब, कुठे एररही नाही.

पोटात गोळा आला, कारण ऑफिसात मी स्वतः लिहिलेला एक जॉब अगदी अस्संच करतो. अधूनमधून एखादा मेसेज ‘पोचलाच नाही’ अशी तक्रार येते आणि आम्ही नेटवर्कला शिव्या घालतो.

रविवारी दुरुस्ती केली. मत काढून टाकण्याऐवजी रेडिसच्या ‘एलमूव्ह’ने दुसऱ्या यादीत हलवायचं, लिहून झालं की तिथून पुसायचं, आणि वर्कर उठला की आधी ती यादी तपासायची. तेच मत दोनदा लिहिलं गेलं तरी बिघडत नाही, कारण एका मतदाराची एकच ओळ असते, नवं मत तीच ओळ बदलतं. खूश होऊन रूममेटला बोलावलं, वर्कर दोन केले, प्रत्येकाला त्याची वेगळी यादी दिली.

त्याने मांजर दाबलं. ते ज्या वर्करकडे गेलं तो मी मारला. तेवढ्यात या पठ्ठ्याने मत बदलून कुत्रा केला, दुसऱ्या वर्करने तो लिहिला. मग मी पहिल्याला उठवलं, त्याने इमानदारीत आपली जुनी यादी काढली आणि कुत्र्यावर पुन्हा मांजर लिहिलं.

"मी कुत्रा म्हणालो होतो," रूममेट म्हणाला.

आता मताबरोबर वेळही लिहायची आणि जुनं मत नव्यावर बसू द्यायचं नाही, असं डोक्यात आहे. पण ती वेळ कोणाच्या घड्याळाची? पुढच्या शनिवारी बघू. ऑफिसातल्या त्या जॉबबद्दल मात्र उद्या सकाळीच मॅनेजरला सांगायचंय. मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलीये.