मुक्काम हलल्यानंतरचे दप्तर

पुणे,
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. मृण्मयीस,



तुझे पत्र पावले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संशोधकांसाठी तुमची मंडळी जे चार दिवसांचे रिट्रीट भरवतात, त्याचा खर्च उचलणाऱ्या न्यासाने यंदा मंजुरी देण्यापूर्वी ‘यातून चिरस्थायी असे काय पदरात पडले’ याचा लेखी जाब मागितला आणि त्या टिपणाचा मसुदा तुझ्या गळ्यात आला, हे वाचून मला प्रथम त्या न्यासाच्या हिशेबनिसाविषयी आदर वाटला. कारण समुद्रकाठच्या एखाद्या रम्य वास्तूत विद्वानांना चार दिवस एकत्र ठेवून त्यांच्या भोजनाची उत्तम तजवीज केली, की त्यातून काहीतरी थोर निष्पन्न होतेच, ही समजूत इतकी दृढमूल आहे की तिच्याकडे पुरावा मागण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. तू मात्र त्रासलेली दिसतेस. शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्रायपत्रकांत बहुतेकांनी दहापैकी नऊ गुण दिले आहेत, तेवढे पुरे नाही का, असे तू विचारतेस. नाही पुरे. पंगतीतून नुकत्याच उठलेल्या वऱ्हाडाला लग्न कसे झाले असे विचारले तर जे उत्तर मिळते ते हे उत्तर. संसार कसा झाला हे त्यावरून समजत नाही.

माझी हयात सचिवालयात नस्त्या हाताळण्यात गेली, त्यामुळे माझी दृष्टी कारकुनी आहे हे मी आधीच कबूल करतो; परंतु कोणत्याही सभेची किंमत ती उठल्यावर तिचा कागद कोणाच्या मेजावर गेला, त्या मेजामागच्या माणसाला सहीचा अधिकार होता की नाही, आणि त्याच्या हाताशी खजिना होता की नाही, यावरून ठरते, हे माझे मत तुमच्या क्षेत्राचा थोडाबहुत इतिहास वाचल्यावर अधिकच पक्के झाले आहे.

असिलोमार हे नाव तुम्ही लोक आता मंत्रासारखे उच्चारता. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह गावी, ज्युलिया मॉर्गन या स्थापत्यविशारद बाईंनी ख्रिस्ती तरुणींच्या संस्थेसाठी उभारलेल्या दगडी-लाकडी इमारतींच्या त्या आवारात फेब्रुवारी १९७५ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे १४० लोकांना पाचारण केले होते. एका जीवाचा डीएनए दुसऱ्याच्या डीएनएला जोडण्याची विद्या तेव्हा नुकती हस्तगत झाली होती, तिच्यातून एखादा अघटित रोगजंतू निपजेल अशी धास्ती होती, आणि आदल्या वर्षी यांतल्याच काही जणांनी जाहीर पत्र लिहून विशिष्ट प्रयोग स्वेच्छेने थांबवण्याचे आवाहन केले होते. तीन दिवस वाद झाला. प्रत्येकाला दुसऱ्याचा प्रयोग धोकादायक आणि स्वतःचा निरुपद्रवी वाटत होता. तिसऱ्या दिवशी सायंकाळी कायदेपंडित बोलायला उभे राहिले आणि त्यांनी अत्यंत शांतपणे समजावून सांगितले, की उद्या तुमच्या प्रयोगशाळेतला एखादा मदतनीस आजारी पडला, तर नुकसानभरपाईचा दावा तुमच्यावर आणि तुमच्या विद्यापीठावर लागेल. सभेचा नूर तिथे पालटला. जिवाणूंच्या भयाने जे जमले नाही ते कोर्टाच्या भयाने साधले, यात मला हसू येते. पण मनुष्यस्वभावाची तजवीज सभेच्या कार्यक्रमातच करून ठेवणाऱ्या संयोजकांचे कौतुकही वाटते. त्या रात्री संयोजक समितीने जागून निवेदनाचा मसुदा सिद्ध केला, सकाळी तो हातोहात वाटला, आणि आधीच्या वर्षीच्या पत्रावर सही करणारे जेम्स वॉटसन आता विरोधात उभे असतानाही तो प्रचंड बहुमताने संमत झाला.

ही हकीकत तुमच्या मंडळींना तोंडपाठ आहे. परंतु ती जिथे संपते असे सगळे समजतात, तिथून पुढचे पान मला अधिक महत्त्वाचे वाटते. परिषद २७ फेब्रुवारीस आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी, २८ तारखेस, सॅन फ्रान्सिस्को शहरात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या विषयासाठी नेमलेल्या सल्लागार समितीची पहिली बैठक भरली. ती समिती आदल्या ऑक्टोबरातच स्थापन झालेली होती. म्हणजे पाहुणे येण्यापूर्वीच दप्तर मांडून ठेवलेले होते. असिलोमारच्या कागदावरून जून १९७६ मध्ये रीतसर नियमावली निघाली, आणि संस्थेचे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेवर ती बंधनकारक झाली, कारण नियम मोडणाऱ्याचे अनुदान बंद करणे संस्थेच्या हाती होते. पुढे अनुभवाने भीती ओसरली तशी तीच नियमावली टप्प्याटप्प्याने सैल करता आली, हेही दप्तर जिवंत होते म्हणूनच. जैविक अस्त्रे आणि मानवी जनुकांतील फेरफार हे विषय त्या परिषदेने मुद्दाम बाजूला ठेवले, याबद्दल तिच्यावर आजही टीका होते आणि ती रास्त आहे. पण जे विषय तिने घेतले ते तिने तडीस नेले.

आता तुमच्या घरच्या परिषदांकडे वळतो. २००९ साली संगणकशास्त्रज्ञ एरिक हॉर्विट्झ यांच्या पुढाकाराने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दूरच्या भवितव्याचा विचार करायला काही शास्त्रज्ञ याच असिलोमारला, १९७५ ची आठवण ठेवूनच, जमले होते. त्यांचा अहवाल सौम्य होता आणि त्याचा फारसा बोभाटा झाला नाही. परंतु हॉर्विट्झ यांनी तो धागा सोडला नाही. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांच्या देणगीतून शंभर वर्षे चालावे अशा एका अभ्यासाची तरतूद झाली, आणि त्याचे अहवाल २०१६ व २०२१ मध्ये बाहेर पडले. जानेवारी २०१५ मध्ये फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूटने प्वेर्तो रिको येथे जी बैठक भरवली, तिची गोष्टही अशीच. बातमीदारांना मज्जाव होता, त्यामुळे ज्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्याची चर्चा म्हणजे पोरकटपणा वाटत होता ते प्रयोगशाळांतले लोक आणि ज्यांची त्या चिंतेने झोप उडाली होती ते लोक, एकमेकांची टर न उडवता एका मेजाशी बसू शकले. तिथून एक अनावृत पत्र निघाले, त्याला संशोधनाच्या विषयांचे तपशीलवार टिपण जोडलेले होते, लगोलग इलॉन मस्क यांनी एक कोटी डॉलर देऊ केले, आणि त्याच जुलैत सुमारे ३०० अर्जांतून ३७ प्रकल्पांना जवळजवळ ७० लाख डॉलर मंजूर झाले. पत्र, टिपण, पैसा, छाननी, मंजुरी: सहा-सात महिन्यांत एवढा कागद हलला, तर माझ्यासारख्या माणसाला आणखी काय पाहिजे?

दोन वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, हीच मंडळी असिलोमारला जमली. या वेळी २३ तत्त्वे तयार झाली. प्रत्येक तत्त्वाला उपस्थितांपैकी निदान ९० टक्क्यांची मान्यता असावी असा दंडक होता, आणि सह्या करणाऱ्यांत या विद्येतील थोरथोर नावे होती. सुरक्षिततेत काटकसर करून एकमेकांच्या पुढे धावू नये, त्यासाठी परस्परांशी सहकार्य करावे, असे एक तत्त्व त्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१८ मध्ये या तत्त्वांना पाठिंबा देणारा ठरावही केला. मात्र ती अमलात कोणी आणायची, मोडली तर कोणी कोणाला जाब विचारायचा, कोणाचे काय बंद करायचे, याबाबत त्या कागदात अवाक्षर नव्हते. डेमिस हसाबिस, सॅम ऑल्टमन, इलॉन मस्क हे तिघेही सह्या करणाऱ्यांत आहेत, आणि आज जी शर्यत चालली आहे तीत या तिघांच्याही संस्था पुढेच आहेत. मार्च २०२३ मध्ये अधिक प्रबळ प्रणाली घडवणे सहा महिने थांबवा असे सांगणारे अनावृत पत्र निघाले, त्यात असिलोमारच्याच तत्त्वाचा हवाला होता, मस्क यांची सहीही होती. त्याच वर्षी जुलैत त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतःची नवी कंपनी जाहीर केली. मी कोणाच्या सचोटीवर शंका घेत नाही. ज्या सहीमागे दप्तर नाही, ती करताना माणसाला काही सोडावे लागत नाही, एवढेच.

यावर तुझा आक्षेप मला दिसतो. तू म्हणशील, मामा, रिट्रीटचा खरा लाभ ठरावात नसतो. संध्याकाळी फिरायला गेलेल्या दोघांच्या बोलण्यात असतो, आणि पुढे एखाद्या कसोटीच्या वेळी प्रतिस्पर्धी प्रयोगशाळेतल्या माणसाला निःसंकोच फोन करता येतो यात असतो. हे खरे आहे, आणि कदाचित सर्वांत मोठा लाभ हाच असेल. परंतु ओळखीलाही राखणदार लागतो. पगवॉशचे पाहा. हिरोशिमानंतरच्या त्या काळात रसेल आणि आइन्स्टाइन यांच्या अण्वस्त्रविरोधी जाहीरनाम्यातून जी परिषद जन्मली, ती दिल्लीत भरवावी असा पंडित नेहरूंचा प्रस्ताव होता; सुएझच्या लढाईमुळे तो बारगळला, आणि शेवटी जुलै १९५७ मध्ये नोव्हा स्कोशियातील पगवॉश या खेड्यात, सायरस ईटन या उद्योगपतीच्या घरी, २२ शास्त्रज्ञ जमले. अमेरिकन होते, रशियन होते, चीनचे चौ पेइयुआनही होते. ते घर सुंदर होते म्हणून काही त्या ओळखी टिकल्या नाहीत. जोसेफ रॉटब्लाट, ज्यांनी अणुबाँबच्या कामातून सदसद्विवेकापायी अंग काढून घेतले होते, ते सोळा वर्षे त्या चळवळीचे सरचिटणीस राहिले, पत्रे लिहीत राहिले, पुढची बैठक ठरवत राहिले. आणि १९६३ च्या अणुचाचणीबंदी करारापर्यंत पोचलेल्या वाटाघाटींत या ओळखींचा उपयोग झाला. १९९५ चे शांततेचे नोबेल रॉटब्लाट आणि पगवॉश यांना मिळून मिळाले.

तेव्हा तुझ्या टिपणात गुणांची सरासरी देऊच नकोस. शिबिरार्थींना दीड वर्षाने पत्र घाल, आणि ‘तुम्हाला कसे वाटले’ असे न पुसता, तिथे भेटलेल्या कोणाबरोबर तुम्ही कोणता निबंध लिहिला, कोणती नोकरी धरली वा नाकारली, कोणता प्रयोग सोडून दिला, आणि हे सारे रिट्रीटला न येताही घडलेच असते का, असे विचार. शेवटच्या प्रश्नावर पुष्कळजण अडखळतील. अडखळू देत, त्यांचे अडखळणेही नोंदवून ठेव. आणखी एक. चार दिवस एका छपराखाली एकाच मताचे लोक कोंडले तर त्यांचे मत दृढ होते, विचार होत नाही; म्हणून निमंत्रितांच्या यादीत तुम्हा लोकांना खुळे समजणारे निदान चारदोन असावेत, आणि ज्याच्या सहीने काही हलते असा एखादा सरकारी अंमलदार अवश्य असावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडातील ब्लेचली पार्कला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेवर बोलायला २८ देश जमले त्याच सुमारास ब्रिटनने या कामासाठी कायमची सरकारी संस्था काढली. अशा संस्थेतला, शक्यतो मधल्या फळीतला, माणूस बोलाव. वरच्या फळीतले भाषण करून संध्याकाळच्या विमानाने परत जातात.

खर्चाच्या अंदाजपत्रकात भोजन, निवास, प्रवास यांच्या खाली एक ओळ मी सुचवतो: एक सचिव, अर्धवेळ, अठरा महिने. काम एवढेच, की चार दिवसांत कोणी कोणाला काय करतो म्हणून सांगितले ते टिपून ठेवायचे आणि दर दोन महिन्यांनी सौजन्याने आठवण करून द्यायची. न्यासाचा हिशेबनीस ही ओळ बहुधा खोडेल, कारण असल्या सचिवाचे छायाचित्र वार्षिक अहवालात शोभत नाही. खोडलीच तर मला कळव. शिबिर चाराऐवजी तीन दिवसांचे करून त्याचा पगार कसा बसवायचा, याची आकडेमोड आपण दोघे करू.

तुझा,
वसंतमामा