वाईटपणा घेणारे आबा

देणं म्हटलं की कुणी आपल्याला काय दिलं ते आधी आठवतं. फीसाठी उसने दिलेले पैसे, नोकरीसाठी टाकलेला शब्द, बाळंतपणात रात्रभर उशाशी बसलेली शेजारीण. माझ्या खात्यावर अशी देणी पुष्कळ आहेत. काही फिटली, काही फिटतील. सफाळ्याच्या सायकलवाल्या आबांचं देणं मात्र निराळं आहे. त्यांनी मला वेळोवेळी ‘नाही’ म्हटलं, त्याचं ते देणं.

आबांचं दुकान स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची पडवी, आत तेलकट अंधार आणि दाराशी तासावर द्यायच्या सायकलींची रांग. माझ्या लहानपणी आमच्याकडे लोकल नव्हती. विरारच्या पुढे जायचं तर शटल नाहीतर पॅसेंजर. गाडी चुकली की अर्धा दिवस गेला. एडवण, कोरे, दातिवरे, उसरणी इकडची माणसं एसटीने स्टेशनला यायची, जवळपासच्या पाड्यांवरची सायकलने. त्या सगळ्यांच्या चेना, पंक्चरं आणि ब्रेक आबांच्या हातून जायचे. २०१३च्या एप्रिलात डहाणू लोकल सुरू झाली, स्टेशनाबाहेर मोटरसायकली दाटीवाटीने उभ्या राहू लागल्या आणि तासावरच्या सायकलींची रांग आखडत आखडत संपली. दुरुस्ती तेवढी राहिली.

मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून आबांनी मला सायकल दिली. ‘मुलीच्या जातीला’ वगैरे शब्द त्या पडवीत कधी ऐकला नाही. पण धाकट्या बहिणीला कॅरिअरवर बसवून न्यायचं म्हटल्यावर त्यांनी सायकलचं हँडल धरून ठेवलं. म्हणाले, “एकटीने उतारावर पाय न टेकवता थांबून दाखव. मग ने.” मी रुसले, घरी जाऊन आईकडे तक्रार केली. आई म्हणाली, “मग थांबायला शीक.” पाय आऱ्यांत गेलेली पोरं आबांच्या दुकानासमोरूनच दवाखान्यात नेली जात. टाचेचं मांस निघालेलं त्यांनी पाहिलं होतं, मी नव्हतं पाहिलं. हे मला फार उशिरा कळलं.

लग्नानंतरही मी सफाळ्यातच राहिले आणि नोकरीसाठी मुंबईची वाट धरली. आठवडाभर मुलगा जागा व्हायच्या आत मी घराबाहेर. रविवार तेवढा आमच्या दोघांचा. तो पाच वर्षांचा झाला आणि मला वाटू लागलं की याला घेऊन सायकलवर समुद्राकडे जावं. कॅरिअरवरच्या सीटचे दिवस सरले होते. बहुतेक सीटा बावीस किलोपर्यंतच्या असतात आणि मागे नुसतं बसून राहायला तो आता तयारही नव्हता. त्याच्या छोट्या सायकलवर त्याला मोकळं सोडावं तर वळणावर समोरून एसटी आली की रस्त्याची कड कुठे संपते ते मोठ्यालाही कळत नाही.

अशा वयाच्या मुलांसाठी एक अर्धी सायकल मिळते. मागचं चाक, सीट, पायडल, न वळणारं हँडल, आणि पुढच्या चाकाच्या जागी एक लांब वाकडी नळी. ती नळी मोठ्या माणसाच्या सायकलला मागून जोडायची. मूल पायडल मारतं, तोल आणि दिशा मोठ्याची. साधारण चार-पाच वर्षांपासून आठ-नऊ वर्षांपर्यंत चालते. वजनाची मर्यादा बहुतेकींना पस्तीस-चाळीस किलोच्या आसपास. आपल्याकडच्या दुकानांत ती क्वचितच दिसते. मी फोनवर चित्रं पाहिली आणि ठरवलं, आपण करून घेऊ. बोईसरला तारापूर एमआयडीसीच्या आसपास वेल्डिंगवाल्यांना काय तोटा? जुन्या लहान सायकलचं पुढचं अंग कापायचं, नळी जोडायची, झालं.

आबांकडे गेले ते फक्त जुनी सायकल विकत घ्यायला. त्यांनी कशासाठी ते विचारलं. सांगितलं.

“नाही देणार,” आबा म्हणाले.

मग हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी माझा फोन मागितला. चष्मा कपाळावर सारून चित्र डोळ्यांजवळ नेलं. अशी सायकल त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण सीट आणि पायडल यांवरून त्यांची नजर नुसती सरकून गेली, थांबली ती जोडावर. “हे बघ. वळताना याला डावीकडे-उजवीकडे फिरता आलं पाहिजे. खड्ड्यात चाक गेलं की वर-खाली हलता आलं पाहिजे. पण कुशीवर कलंडायची मोकळीक नको. ती दिली की पोर आडवं.” जीपच्या प्रोपेलर शाफ्टला जो क्रॉस असतो, तसा दोन अंगांनी हलणारा जोड इथे हवा, हे त्यांनी चित्रावरून ओळखलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन सगळीकडे सैल असते, पण ट्रॉलीला दोन चाकं, ती उभी राहते. इथे एकच चाक. आणि नळी थेट वेल्ड केली तर दोन्ही सायकली मिळून एक लांब दांडा होणार, पहिल्याच गतिरोधकावर वेल्ड फुटणार. “बोईसरवाला करून देईल ग. पैसे घेईल आणि देईल. मी नाही त्यात.”

मी त्यांना सांगितलं की ही काही नवी टूम नाही, इंग्लंडात १९३०च्या दशकात रॅन ट्रेलर नावाने अशीच गाडी मिळायची आणि पुढे कॅनडात अ‍ॅडम्सची ट्रेल-अ-बाइक खूप चालली. आबांना त्यात एवढंच महत्त्वाचं वाटलं की इतकी वर्षं टिकलीय, म्हणजे जोड कुणीतरी विचार करून केलेला असणार. “मग तीच आण.”

त्यानंतर काही रविवार आम्ही पडवीत बसून ‘कोणती’ यावर खल केला. मुलाची स्वतःचीच सायकल पुढचं चाक उचलून मागे अडकवायची, असाही एक दांडा मिळतो, ट्रेल-गेटर नावाचा. सोय मोठी. किनाऱ्यावर पोचलं की सोडवायची आणि पोराला मोकळं करायचं. पण त्यात नटबोल्ट आणि सांधे जास्त, म्हणजे सैल पडायच्या जागा जास्त. दुसरा प्रकार बर्लीच्या पिकोलोसारखा. जोड सीटच्या दांड्यावर न येता खास कॅरिअरवर, मागच्या चाकाच्या वर बसतो. आबांना हा पसंत पडला. मुलाने अंग हलवलं की ओढ खाली चाकावर येते, बाईच्या कमरेपाशी नाही. पण तो महाग आणि त्याचं कॅरिअरही वेगळंच. दोन चाकांची गाडी, जिच्यात मूल बसतं, तिचा विचारही झाला. तिची रुंदी ऐकून आबा हसले. “एसटी कुठून जाईल मग? शेतातून?”

शेवटी निर्णय दैवाने केला. कॅनडातल्या मावसभावाची मुलगी मोठी झाली होती, तिची अर्धी सायकल पडून होती. गणपतीला येताना त्याने खोक्यात घालून आणली. सीटच्या दांड्याला जोडायची, साधी, बिनगिअरची. मी खोकं तसंच रिक्षात घालून पडवीत नेलं आणि वाटलं, आता पुढच्या रविवारी निघू.

आबांनी जोडाचं टोक एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने मागची सीट हलवली. पुढे चिमटीएवढी खुळखुळ, तर मागे सीट वीतभर झुलली. आतला बुश झिजला होता. “नाही.” त्यांनी बुश काढून चिंधीत गुंडाळला, मापाला म्हणून. बोईसरच्या एका लेथवाल्याकडून पितळी बुश कातून आणला. चिमटा माझ्या सीटच्या दांड्यावर सैल बसत होता, तर मी म्हटलं पत्रा गुंडाळू. पुन्हा नाही. पत्रा सरकतो, भिजला की गंजतो, आणि आमच्याकडे पावसाळा नसला तरी खाडीचा वारा आहेच. त्याच्यासाठीही अखंड कॉलर कातली गेली. मग त्यांनी माझी लेडीज सायकल उभी केली, एक पाय पायडलवर दाबला आणि हँडल धरून सीट पिळून दाखवली. आडवा दांडा नसलेली चौकट मधूनच लवत होती. “हिच्या मागे पोर नाही लावायचं.” शेवटी त्यांच्याकडचीच दांडेवाली जुनी सायकल घेतली, दोन्ही ब्रेक नवे घातले. मागच्या सायकलला ब्रेक नसतो. वजन दोघांचं आणि थांबवायचं एकीने, तेही ओल्या रस्त्यावर. म्हणून ब्रेकच्या बाबतीत त्यांनी माझी घासाघीस ऐकूनच घेतली नाही.

सगळं जोडून झालं आणि मुलगा उड्या मारायला लागला, तेव्हा आबांनी वाड्याच्या कोलमचं पंचवीस किलोचं पोतं मागवलं. मागच्या सीटवर ते सुतळीने आवळलं आणि स्वतः स्वार झाले. सत्तरी ओलांडलेला माणूस, लेंगा टाचेशी चिमट्यात धरलेला, मागे तांदळाचं पोतं, आणि बाजारातून फेऱ्या. लोक थांबून बघत होते. भाजीवालीने विचारलं, नातू कुठाय? आबांनी उतारावर जोरात ब्रेक मारून पाहिला, खड्डा मुद्दाम घेतला, दोन्ही बाजूंना वळवून पाहिली. परत येऊन पाना घेतला, चिमट्याचा बोल्ट आणखी अर्धा फेरा आवळला, आणि जोड सुटलाच तर सायकल लटकून राहावी म्हणून एक पट्टा पुढच्या चौकटीला बांधला. मग उजव्या हँडलला गोल आरसा लावला. “मागचं पोर दिसत नाही. गप्प झालं की आधी आरशात बघायचं.”

पैसे त्यांनी चोख घेतले. लेथवाल्याचे, ब्रेकचे, मजुरीचे, सायकलचे. मी वर काही द्यायला गेले तर नोट परत माझ्या पर्समध्ये कोंबली. तांदूळ मात्र मलाच विकत घ्यावा लागला.

पश्चिमेच्या सपाट रस्त्याने आम्ही जायचो, सकाळी, ऊन चढायच्या आत. तांदुळवाडीच्या घाटाला आबांची सक्त मनाई होती, चढायलाही आणि उतरायला तर नाहीच. मला वाटलं होतं, मागे ओझं ओढल्यासारखं वाटेल. पण दोघांची पायडलं स्वतंत्र. तो थांबला तरी माझं अडत नाही, आणि त्याने जोर लावला की सीटखालून कुणीतरी ढकलल्यासारखं होतं. बारीकशा चढावर तो जोर कळायचा. “आई, मी लावलं ना?” हा प्रश्न दर चढाला. तो बगळा बघायला एकदम वळला की ते माझ्या कमरेला आधी कळायचं, मग कानाला. आठवडाभर ज्या मुलाला मी झोपलेलाच पाहत होते, त्याच्या मनातलं सगळं रविवारी पाठीमागून ऐकू यायचं. समोरासमोर बसून एवढं तो कधीच बोलला नसता.

आता तो स्वतःची सायकल चालवतो. आबांनी दुकान बंद केलंय, नजर अधू झालीय. २०२५ साली विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारला रो-रो सुरू झाली, मोटारी थेट खाडी ओलांडून येऊ लागल्या आणि आमच्या रविवारच्या रस्त्यावरही सकाळी हॉर्न वाजू लागलेत. अर्धी सायकल मात्र रिकामी नसते. गल्लीतली, ओळखीतली मुलं तिच्यावर बसून गेली आहेत. बुश मी दर पावसाळ्यानंतर बघते, ग्रीस घालते.

मध्यंतरी एक तरुण बाबा ती मागायला आला. मुंबईहून नुकताच इथे राहायला आलेला, मुलगी साडेचार वर्षांची, सायकल महागाची आणि सुंदर. तिचा सीटचा दांडा कार्बन फायबरचा होता. कार्बनच्या दांड्याला असा चिमटा आवळायचा नसतो. तिथे दाब एकाच जागी येतो, आतून तडा जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. मी नाही म्हटलं. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा घालून या, मग न्या. त्याने सांगून पाहिलं की फक्त कॉलनीत फिरवणार आहे, हळूच चालवणार आहे. मुलगी त्याचा शर्ट ओढत होती. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं पाहिलेलं सहन करणं सोपं नाही.

आबांचं ऋण किती जड आहे ते त्या दिवशी मला नीट कळलं. सायकल देऊन टाकली असती तर मी चांगली शेजारीण ठरले असते. लोकांच्या लेकरांसाठी लोकांचाच राग अंगावर घ्यायचा, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणायचं, आणि वर ‘म्हातारा हेकट आहे’ हे ऐकून घ्यायचं, असं त्या माणसाने त्या पडवीत किती वर्षं केलं असेल. मला तर एकदाच करायचं होतं.

मी सायकल आत नेली आणि दाराला कडी घातली. तो बाबा अजून माझ्याशी बोलत नाही. बोलेल, नाहीतर नाही बोलणार. दांडा बदलून आला की मात्र पहिली फेरी तांदळाच्या पोत्याची, हे त्याला आत्ताच सांगून ठेवायला हवं.