बिर्ड्याच्या रोजाला

आव महिन्याच्या नवमीला जगभरचे यहुदी उपास करतात. जेरुसलेमचं पहिलं मंदिर बाबिलोनच्या सैन्याने उद्ध्वस्त केलं, दुसरं इ.स. ७० मध्ये रोमनांनी जाळलं; दोन्हींचा शोक याच दिवशी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, तिथून इस्राएलला आलो, तेव्हा या दिवसाचं नावही तिथलंच आणलं. उपासाच्या जेवणात वालाचं बिरडं असतं, म्हणून हा बिर्ड्याचा रोजा. अश्दोदमध्ये इतकी वर्षं काढूनही माझ्या घरी त्याला दुसरं नाव नाही.

२०२३ साली रोजा २६ जुलैच्या संध्याकाळी लागला. दोनच दिवस आधी क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, एक कायदा ६४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. विरोधी सदस्य सभागृहाबाहेर निघून गेले होते. सरकारचा निर्णय अवाजवी वाटला तर तो रद्द करायचा न्यायालयाचा अधिकार या कायद्याने काढून घेतला. माझी मुलगी हिवाळ्यापासून दर शनिवारी रात्री अशा बदलांच्या निषेधात तेल अवीवच्या काप्लान रस्त्यावर झेंडा घेऊन उभी राहत होती. माझा दादा सरकारच्या बाजूचा. लोकांनी निवडून दिलेल्यांनी राज्य करायचं, न्यायाधीशांनी नव्हे, हे त्याचं मत आजचं नाही, चाळीस वर्षांचं आहे. पेसाख सणाच्या सेदरला, म्हणजे सणाच्या रात्रीच्या जेवणाला, दोघांची जुंपली आणि तेव्हापासून मामा-भाचीचं बोलणं बंद झालं.

भांडण पेटलं ते बाबांवरून. साठच्या दशकात इथल्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी बेने इस्राएलांच्या विवाहांवर शंका घेतली. लग्न करायचं तर पूर्वजांची चौकशी करा, असा आदेश निघाला. १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली. त्यांच्यात बाबाही होते. पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदीच आहेत असं सांगितलं, क्नेसेट आमच्या बाजूने उभी राहिली, आणि आदेशातून आमचं नाव गेलं. सेदरच्या टेबलावर मुलगी म्हणाली, "आजोबा रस्त्यावर बसले म्हणून झालं." दादा म्हणाला, "क्नेसेटने केलं. कोर्टाने नाही." दोघंही खरंच बोलत होते. एकाच माणसाचा एकच ठिय्या दोघांनी आपापल्या बाजूला ओढला, आणि मला बाबांचीच वाटणी झाल्यासारखं वाटलं.

रोजाच्या संध्याकाळी आम्ही सगळे सिनेगॉगमध्ये गेलो. या दिवसाचे नियम कडक. अन्नपाणी नाही, कातडी चप्पल नाही, खुर्ची नाही. जमिनीवर बसून मंद उजेडात विलापगीत वाचायचं. आणखी एक नियम असा की कुणी कुणाला 'शालोम' म्हणून अभिवादन करायचं नाही. लहानपणी मला हा नियम फार कोरडा वाटे. त्या वर्षी तो देवाने आमच्याचसाठी केलाय असं वाटलं. माझी मुलगी मामाशी बोलत नव्हती, पण त्या दालनात कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. जागा अपुरी होती. दादाने काही न बोलता गुडघे आखडले आणि ती त्याच्याशेजारी टेकली. पहिला शब्द कुणी बोलायचा, या प्रश्नात किती घरं अडकून पडतात! आमच्या पूर्वजांनी निदान एका दिवसापुरता तो प्रश्नच काढून टाकला आहे.

त्या दिवशी तोरा या धर्मग्रंथाचा अभ्यासही वर्ज्य, कारण अभ्यासात आनंद असतो. मंदिराच्या नाशाच्या कथा मात्र चालतात. प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांनी ताल्मूद या ग्रंथातली काम्झा आणि बार काम्झाची गोष्ट सांगितली. यजमानाला मेजवानीला मित्र काम्झा हवा होता, नोकराने चुकून शत्रू बार काम्झाला बोलावणं दिलं. यजमान त्याला उठवू लागला. तो म्हणाला, लाज काढू नकोस, माझ्या जेवणाचे पैसे देतो. मग म्हणाला, अर्ध्या मेजवानीचे देतो. मग सगळ्या मेजवानीचे. तरी यजमानाने त्याला हाताला धरून बाहेर काढलं. चिडून तो रोमनांकडे गेला, आणि शेवटी जेरुसलेम गेलं.

मुलीच्या मते सत्तेने आंधळा झालेला यजमान दोषी. दादाच्या मते घरचं भांडण परक्या दरबारात नेणारा दोषी. कोण कुणाकडे बोट दाखवतंय ते सगळ्यांना कळत होतं. तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, "आणि जेवायला बसलेले रब्बी? ते का नाही उठले?" गोष्टीत ते आहेत. बार काम्झाचा खरा संताप त्यांच्यावरच आहे: ते बसले होते आणि त्यांनी सगळं होऊ दिलं. सेदरच्या रात्री मी आणि वहिनीही तशाच मुकाट बसलो होतो. त्या गोष्टीत मला आजवर माझी जागा सापडली नव्हती. त्या रात्री सापडली.

वाल मी मंगळवारीच भिजत घातले होते. गुरुवारी दुपार कलल्यावर, जमिनीवरून उठायची मुभा मिळाली तेव्हा, मी दादा-वहिनीला सोलायला बोलावलं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून एकेक सालीबाहेर काढायचे, दाणा मोडू द्यायचा नाही; उपाशी पोटी हे काम जिवावर येतं. दादा आणि मुलगी एकाच पातेल्यात हात घालून बसले. त्या दुपारी राजकारण निघालं नाही.

निघालं ते रात्री, बिरडं-भात वाढल्यावर. आवाज चढले. मी म्हटलं, "मी गप्प बसणार नाही. आधी एकमेकांचं म्हणणं सांगा." दादाने चमचा खाली ठेवला. हिल्लेल आणि शम्माय या दोन जुन्या गुरूंच्या घराण्यांचा वाद तीन वर्षं चालला, तो म्हणाला. आकाशवाणी झाली की दोन्ही वचनं जिवंत देवाचीच, पण आचार हिल्लेलच्या घराण्याचा, कारण ते स्वतःच्या मताआधी शम्मायच्या घराण्याचं मत सांगत. "थांब, तुझं मी सांगतो. चुकलं तर अडव." तिने दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा मान हलवली. मग तिची पाळी आली, आणि तिला ते अवघड गेलं; दर वाक्यात टोमणा येई आणि वहिनी म्हणे, "ते असं म्हणतच नाहीत गं." ती पुन्हा सुरुवात करी.

मतं कुणाचीच बदलली नाहीत. त्या शनिवारीही ती काप्लानला जाणार, हे तिने मामाला तोंडावर सांगितलं. शुक्रवारी शब्बाथ लागण्याआधी दादाचा फोन आला. माझ्याशी दोन शब्द बोलून त्याने तिला मागितलं. तिच्या बाजूचा एक मुद्दा काल तिच्याकडून राहून गेला, असं त्याचं म्हणणं होतं.