ओळखा पाहू!

चित्रकला आणि आम्ही यांचे सख्य कधीच जमले नाही. शाळेत आम्ही काढलेला घोडा पाहून गुरुजींनी मोठ्या सहानुभूतीने "या मेजाला शेपूट कशाला रे?" असा प्रश्न केला होता. तेव्हापासून पेन्सिलीचा उपयोग आम्ही केवळ हिशेबापुरताच करीत आलो. अशा आमच्यावर साठी उलटल्यानंतर चार माणसांत बसून चित्रे काढण्याचा प्रसंग यावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा!

त्याचे असे झाले. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी पावसाने जोर धरला आणि वीज गेली. घरातील यंत्रे एकामागून एक निद्रिस्त झाली, तेव्हा सूनबाईंनी कपाटातून एक पेटी काढली. 'पिक्शनरी' हे त्या खेळाचे नाव. रॉब एंजल नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८५ साली सिॲटल शहरात तो प्रथम विक्रीस आणला. चित्र आणि शब्दकोश यांच्या इंग्रजी नावांची सांगड घालून हे नाव बनविलेले आहे. एकाने शब्द मनात वाचून त्याचे चित्र काढावयाचे आणि त्याच्या गड्यांनी तो ओळखावयाचा. काढणाऱ्याने ब्र काढता कामा नये, की कागदावर अक्षर वा आकडा लिहिता कामा नये. आणि हे सारे वाळूच्या घड्याळातील वाळू सरण्यापूर्वी, म्हणजे एका मिनिटात!

पेटीतील शब्द इंग्रजी, आणि आमच्या ८४ वर्षांच्या मातोश्रींस ती भाषा येत नाही. म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या करून एका वाटीत टाकल्या. मेणबत्तीच्या उजेडात चार पिढ्या सतरंजीवर बसल्या. मातोश्री, आम्ही आणि आठ वर्षांचा आमचा नातू एका बाजूस. सौभाग्यवती, चिरंजीव आणि सूनबाई दुसऱ्या बाजूस.

नातवाने प्रथम एक लांबट चौकोन काढला. "पाट!" मातोश्री म्हणाल्या. "पाटी!" आम्ही म्हणालो. "साबणाची वडी!" पुन्हा मातोश्री. वाळू संपली आणि "अहो, फोन!" असे ओरडून नातू रडकुंडीस आला. आम्ही त्यास तबकडीचा व कानाला लावावयाच्या मुसळीचा टेलिफोन काढून दाखविला, तेव्हा त्याने तो नळ आहे असे ठरविले.

मग आमची पाळी आली. चिठ्ठी उघडतो तो 'घोडा'! आम्ही मेणबत्तीकडे पाहून निःश्वास सोडला आणि चार पाय रेखाटले. पाठ पुरी होण्याच्या आतच मातोश्री म्हणाल्या, "घोडा." सारे चकित झाले. त्या शांतपणे म्हणाल्या, "पडवीच्या भिंतीवर कोळशाने हाच काढीत असे. दर दिवाळीला चुना द्यायचा, की पुन्हा हा उभा!"

यानंतर मातोश्रींनी चिठ्ठी उचलली. "मला कुठली चित्रं येतात?" असे त्या पुटपुटल्या खऱ्या, परंतु कोकणातील आमच्या अंगणात दर चैत्रात त्या चैत्रांगण घालीत. चंद्र, सूर्य, शंख, कासव, हत्ती आणि गौरीचा पाळणा त्यांच्या चिमटीतून झरझर उतरत असत. आता चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडात दारापुढे दोन गोपद्मे काढण्याइतकीच जागा उरली आहे. त्यांनी रांगोळीच्या सवयीने आधी ठिपके दिले. मग विहीर आली, तिच्यावर रहाट आला. तुळशीवृंदावन, दोन पायऱ्या, फांद्या पसरलेले झाड.

"बाग!" नातू ओरडला. "देऊळ!" त्यांनी मान हलविली आणि पायऱ्यांच्या वर चार पायांचे, शेपटीचे एक बारीकसे जनावर काढले. "गोठा!"

आम्ही केव्हाच ओळखले होते. ते घर बारा वर्षांपूर्वी आम्ही विकले, आणि त्याच पैशांत हे बिऱ्हाड घेतले. सही करताना मातोश्री "तुम्हांला सोयीचं ते करा" एवढेच म्हणाल्या होत्या. पुढे त्या कधी बोलल्या नाहीत, आणि आम्हीही कधी विचारले नाही. दोन अक्षरांचा तो शब्द आमच्या ओठांवर आला, पण बाहेर पडेना. वाळू संपली.

"घर असं नसतं काढायचं, पणजी!" म्हणून नातवाने एक चौकोन, त्यावर त्रिकोण, मागे दोन डोंगर आणि मध्ये सूर्य काढला. उतरत्या छपराखाली या मुलाने आजवर एक रात्रही काढलेली नाही! "छान आहे हो," मातोश्री म्हणाल्या.

शब्दकोशात घर या शब्दाचा अर्थ सर्वांस सारखाच दिलेला असतो. चित्र काढावयास सांगितले, म्हणजे मात्र ज्याचे घर त्यालाच दिसते. आणि ज्यास ते दिसत असूनही तो गप्प बसतो, त्याच्या मौनाला या खेळात गुण नाहीत, हे योग्यच म्हटले पाहिजे.

वीज आली. सारे आपापल्या उद्योगास लागले. कागद गोळा करीत असलेल्या मातोश्रींच्या शेजारी आम्ही बसलो आणि विचारले, "आई, विहिरीजवळचा तो फणस कापा होता, की बरका?"

त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले. "बरका. तुला कधी आवडला नाही."

मग त्यांनी तो कागद मांडीवर सरळ केला, आणि चित्रात राहून गेलेली मागची वाट आम्हांस दाखवू लागल्या. आम्ही दिवा मालविला, तेव्हा अकरा वाजून गेले होते.