काळी चारला अनावृत पत्र

प्रिय काळी चार हीस,



तुझा पत्ता शोधायला वेळ लागत नाही. पेटीचं झाकण उघडावं, तीन काळ्या पट्ट्यांचा घोळका बघावा आणि मधलीवर बोट ठेवावं. एका अंगाला पांढरी पाच, दुसऱ्या अंगाला पांढरी सहा. इंग्रजीत तुला जी शार्प म्हणतात, आणि संदर्भ बदलला की ए फ्लॅट. एकाच पट्टीला दोन नावं! आमच्या हिंगोली जिल्ह्यात, नर्सीला जा की वसमतला, तू आपली काळी चार.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तक्रार तुझ्याबद्दल नाही, तुझं नाव घ्यायला अलीकडे लाजणाऱ्यांबद्दल आहे. पण आधी तुझं कौतुक.

पेटी परकी, हे कुणी नाकारत नाही. 1842 साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिरानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायानं चालायची आणि समोर खुर्ची लागायची. 1875 च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती हातभात्यावर आणली आणि मांडी घालून बसणाऱ्यांची सोय झाली. आपल्याकडे संगीत नाटकांनी पायपेटी आणि ऑर्गन घराघरांत माहीत करून दिले. वाद्यासोबत त्याची नावंही आली, ए ते जी ही सात अक्षरं आणि त्यांना चिकटलेले शार्प-फ्लॅट.

त्या अक्षरांचं मराठी करताना कुणी 'तीव्र ग' किंवा 'उन्नत जी' असलं काही केलं नाही, हे आपलं नशीब. डोळ्यांना दिसलं ते मोजलं. पांढऱ्या सात, काळ्या पाच. सी ही पांढरी एक, तिच्या डोक्याशी काळी एक, मग पांढरी दोन. पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये काळी नाहीच, तर नाही. हिशेब बिघडत नाही, कारण दोन्ही रंगांची मोजणी वेगवेगळी चालते. इंग्रजी अक्षराची ओळख नसलेला माणूसही हे बसल्या बैठकीला शिकतो. कुठल्याही परिभाषा समितीचा शिक्का तुझ्यावर नाही. शिक्का असलेला शब्द 'संवादिनी'. निमंत्रणपत्रिकेवर तो शोभतो, पण मांडवात "संवादिनी उचल रे" असं कुणी ओरडलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

आणि नुसतं नाव बदललं असतं तर एवढं पत्र लिहिलं नसतं. तुझं कामच बदललं. तिकडे जी शार्प हा एक स्वर आहे. गाणं लिहिताना तो कागदावर येतो, वाजतो, जातो. आपल्याकडे काळी चार म्हणजे सा कुठं धरायचा त्याची जागा. एकदा सा तुझ्यावर ठेवला की बाकीचे स्वर त्याच्या मागोमाग येतात आणि रात्र सरेपर्यंत तू हलत नाहीस. फ्रेंच माणसाचा 'दो' कायमचा पांढऱ्या एकवर खिळलेला असतो. आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याबरोबर फिरतो. नर्सीच्या नामदेवरायांची 61 पदं शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. प्रत्येक पद कुठल्या रागातलं ते तिथं नोंदवलेलं आहे, पण पट्टी नोंदवलेली नाही. नोंदवायचं कारणच नव्हतं. पट्टी गाण्याची नसते, गाणाऱ्याची असते. ती सांगायला एक सुटसुटीत शब्द हवा होता, तो तू पुरवलास.

तुझी खरी परीक्षा सप्ताहात होते. कीर्तनकार उभे राहायच्या आधी मृदंगाचार्य डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापत असतात. थोडी जास्त झाली की काढायची, थाप मारून बघायची, पुन्हा चिमूटभर लावायची. मग उजवं तोंड. पेटीमास्तर तुला दाबून धरतो, भाता संथ चालू असतो. इकडे हातोडीनं गट्ट्यावर हलका ठोका, बोटानं चाटीवर टिचकी, कान पुडीला लावलेला. अजून उतरलेलाच आहे. आणखी एक ठोका. मागं उभे टाळकरी गप्पांत असतात, पण पुडी आणि पेटी एक झाली की त्यांनाही कळतं आणि टाळ आपोआप हातात नीट बसतात. एवढ्या सगळ्यात बोलणं होतं ते दोन शब्दांचं: "काळी चार."

दुकानातही तीच भाषा. तबला घ्यायला गेलं की दुकानदार आधी पट्टी विचारतो. काळी एकचा दाया रुंद तोंडाचा, तुझा त्याहून अरुंद, कारण तोंड लहान तसा सूर चढा. लाकूड, चामडं, शाई यांचा सगळा व्यवहार तुमच्या रंगांवर आणि आकड्यांवर चालतो.

आणखी एक, जे तुझ्या इंग्रजी नावातून चटकन उमगत नाही. बरेच पुरुष काळी एकच्या आसपास गातात, बऱ्याच बायका खालच्या सप्तकातल्या तुझ्या आसपास. काळी एकला सा धरला तर त्याचा पंचम कुठला? तूच. म्हणजे त्याचा पंचम तो तिचा षड्ज, आणि तिचा मध्यम तो त्याचा षड्ज. संसारात असा मेळ बसत नाही, पेटीवर बसतो.

तुझ्यावर संकटं काही आजची नाहीत. पेटीतून मींड निघत नाही, बारा पट्ट्यांत श्रुती मावत नाहीत, हे आरोप जुने आहेत आणि खरेही आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींची पेटी करण्याचा खटाटोप केला. 1940 मध्ये रेडिओनं पेटीला दाराबाहेर काढलं आणि तीसेक वर्षं आत घेतलं नाही. गावच्या भजनी मंडळाला त्या बंदीचं काही देणंघेणं नव्हतं. तू वाजत राहिलीस.

आताचं संकट गोड बोलून आलंय. पेटीवाला पोरगा मोबाइलवर तंबोरा लावतो. तिथं बहुधा इंग्रजी अक्षरंच दिसतात, म्हणून तो म्हणतो, "जी शार्पला घेऊ का?" म्हाताऱ्या विणेकऱ्याला कळत नाही, मग पोरगं ओशाळून भाषांतर करतं. ओशाळायचं कुणी होतं? 'पट्टी' जाऊन 'स्केल' आलं तेही असंच. इंग्रजीत स्केल म्हणजे स्वरांची चढती ओळ. आपण ज्याला पट्टी म्हणतो त्याला ते की म्हणतात. गंमत अशी, की त्यांच्याकडेही दाबायची पट्टी ती की आणि गाण्याची पट्टीही की. आपला जुना शब्द त्यांच्या शब्दाशी तंतोतंत जुळत होता, तो टाकून आपण न जुळणारा घेतला. अर्थात वरातीतल्या 'बेंजो'ला नाव अमेरिकेचं आणि घराणं जपानी तैशोगोतोचं. कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, त्याचं नाव 'कॅसिओ'. तिथं स्केलवरच का अडावं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

मी अडतो ते व्यवहारासाठी. सी, डी, ई, जी, बी. मांडवात जनरेटर चालू असताना, स्पीकर खरखरत असताना ही पाच अक्षरं लांबून म्हणून दाखवा आणि पेटीवाल्याला नेमकं काय ऐकू आलं ते विचारा. 'काळी चार' आणि 'पांढरी दोन' यांत घोटाळा होत नाही.

तुझ्यातही एक वैगुण्य आहे, ते लपवत नाही. स्केल चेंजर पेटीत सगळी पट्ट्यांची चौकट सरकते. वाजवणाऱ्याचं बोट पांढऱ्या एकवर आणि सूर मात्र तुझा. मग काळी चार म्हणजे ती काळी पट्टी की तो सूर? जाणते वादक 'सूर' म्हणतात आणि मला ते पटतं. स्केल चेंजर आला त्या दिवशी तू लाकडाच्या पट्टीतून सुटलीस आणि खरोखरीचा स्वरवाचक शब्द झालीस.

गिटारवाल्यांबरोबर वाजवायचं असेल, मुंबईच्या स्टुडिओत जायचं असेल, तर जी शार्प यायलाच हवा. पोरांनी तो शिकावाच. तिकडचे वाद्यवृंद ज्या 440 कंपनांवर सूर मिळवतात ती आपली पांढरी सहा, हेही त्यांना ठाऊक असावं. दोन नावं माहीत असणं ही मिळकत आहे. एक विसरून दुसरं घेणं हा तोटा.

तेव्हा तुझ्या निमित्तानं तीन जणांना विनंती. तंबोऱ्याचे ॲप बनवणाऱ्यांनो, जी शार्पच्या खाली देवनागरीत 'काळी ४' एवढं लिहा. जागा फार लागत नाही. संगीत वर्गाच्या गुरुजींनो, पहिल्याच दिवशी फळ्यावर बारा पट्ट्या काढा आणि दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहा. आणि पेटीवाल्या पोरांनो, पुढच्या सप्ताहात विणेकऱ्यांना स्केल विचारू नका, पट्टी विचारा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा,
मागच्या रांगेतला एक टाळकरी
हिंगोली